एकच लॉट, दोन निकाल: रबाळ्याच्या मोगरा कंपाउंडचं प्रकरण

पावसाळा लागता लागता ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या एका अगरबत्ती कारखान्यातून २५ किलोचा एक कॅन रबाळे एमआयडीसीतल्या सुगंध युनिटकडे परत आला. आत मोगरा कंपाउंड, म्हणजे अगरबत्तीत घालायचं मोगऱ्याच्या वासाचं तयार मिश्रण. सोबतच्या चिठ्ठीवर एवढंच लिहिलेलं: 'मोगरा दबलाय, संत्र्याची साल पुढे येते. आधीचा लॉट चांगला होता.' माल नापास करणारे गृहस्थ त्या कारखान्यात कित्येक वर्षं वास तपासण्याचंच काम करतात. सगळे त्यांना काका म्हणतात, आणि माल घ्यायचा की परत करायचा हे त्यांच्या नाकावर ठरतं. त्यांच्या शब्दाला हा मान उगाच मिळालेला नाही. म्हणूनच हे प्रकरण तपशिलात नोंदवण्यासारखं आहे: काकांना आलेला वास खरा होता, आणि लॉटही बरोबर होता.

कंपाउंडचा ढाचा नेहमीचाच. बेंझिल अ‍ॅसिटेट २५ टक्के, फिनाइल इथाइल अल्कोहोल २०, हेक्झिल सिनॅमिक अल्डिहाइड १८, लिनालूल १०, संत्र्याचं तेल ६, इंडोल अर्धा टक्का. उरलेल्या भागात मिथाइल डायहायड्रोजॅस्मोनेट, बेंझिल अल्कोहोल आणि सॉल्व्हंट. संत्र्याच्या तेलात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं. मोगऱ्याला उठाव यावा म्हणून ते घालतात. ते वेगळं कळलं तर कंपाउंड फसलं असं समजायचं.

आधी मालावरच संशय

असा माल परत आला की युनिटची लॅब आधी स्वतःच्या चुका शोधते, आणि ते योग्यच आहे. गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून प्रत्येकाचं आलेखावर शिखर काढणाऱ्या जीसी यंत्रावर, परत आलेला लॉट आणि आधीच्या लॉटचं कंट्रोल सॅम्पल, म्हणजे तुलनेसाठी जपून ठेवलेला नमुना, एकापाठोपाठ चालवलं. शिखरं त्याच जागी आणि क्षेत्रफळंही रोजच्या फरकाच्या आत. लिमोनिन हवेत राहून जुनं झालं की त्यातून कार्व्होन आणि लिमोनिन ऑक्साइड तयार होतात. अर्धवट भरलेल्या ड्रममध्ये हे हमखास घडतं. त्यांची शिखरं वाढलेली नव्हती.

दुसरा संशय पट्टीच्या वेळेवर. ब्लॉटर, म्हणजे वास घ्यायची कागदी पट्टी, बुडवल्या बुडवल्या हुंगली तर लिमोनिन पुढे येणारच. त्याचा बाष्पदाब, म्हणजे उडून जाण्याचा जोर, फिनाइल इथाइल अल्कोहोलच्या पंधरापटींहून जास्त, त्यामुळे पहिली काही मिनिटं त्याचीच. लॅबमधून काकांना फोनवर विचारणा झाली.

"काका, पट्टी बुडवल्यावर किती वेळाने हुंगलीत?"

"अहो मॅडम, लगेच कधी हुंगतो का मी? अल्कोहोल उडू दिलं, दहा मिनिटं थांबलो. तरी संत्रंच."

तिसरा संशय रंगावर. इंडोल असलेल्या मालाला दिवसागणिक रंग चढतो, आणि दोन लॉट शेजारी ठेवले की गडद बाटलीबद्दल डोळे आधीच मत करून ठेवतात. इथे नवा लॉट उलट फिका होता, पण फिका म्हणजे 'कमी भरलेला' असाही ग्रह होऊ शकतो. म्हणून पुढच्या सगळ्या चाचण्या रंगीत काचेच्या बाटल्यांत, नुसत्या तीन अंकी कोडवर घेतल्या.

मग त्रिकोण चाचणी. तीन पट्ट्या, दोन एका लॉटच्या, एक दुसऱ्याची, वेगळी ओळखायची. डोळे मिटून अंदाज केला तरी तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून बारा संचांत किमान आठ बरोबर आले तरच फरक आहे असं धरतात. युनिटचं वास तपासणाऱ्यांचं पॅनेल आठच्या जवळपासही पोचलं नाही. लॉटमध्ये फरक नव्हता.

धागा सापडला तो मात्र याच चाचणीच्या शेऱ्यांत. पॅनेलमधल्या एका मुलीने सकाळच्या फेरीत जवळजवळ प्रत्येक पट्टीपुढे 'साल, आंबट' लिहिलं होतं आणि दुपारच्या फेरीत त्याच द्रावणांना 'गोड, फुलाचा' असा शेरा दिला होता. माल तोच, खोली तीच, एसी २४ वर. मधल्या काळात बदललं होतं फक्त तिचं नाक.

वास नाकात शिरतो आणि मग कुठे जातो

आपण बोलताना 'वास नाकात गेला' म्हणतो, पण नाकात जाणं आणि कळणं यांच्यात मोठा टप्पा आहे. वास ओळखणारं अस्तर नाकाच्या छताशी, नाकपुडीपासून साधारण सात सेंटीमीटर आत, एक-दोन मिलिमीटर रुंदीच्या फटीत बसलेलं असतं. त्याचं क्षेत्रफळ काही चौरस सेंटीमीटर. दोन्ही बाजू मिळून नाकाचं एकूण ओलं अस्तर भरतं सुमारे दीडशे चौरस सेंटीमीटर. म्हणजे ज्याला वासातलं काही कळत नाही असं अस्तर कळणाऱ्या अस्तराच्या कितीतरी पट मोठं, आणि हवेच्या वाटेत ते आधी लागतं. शांत श्वासात आत आलेल्या हवेतला दहाएक टक्केच भाग त्या वरच्या फटीतून जातो. बाकीची खालून आणि मधून घशाकडे निघून जाते.

या सगळ्या अस्तरावर श्लेष्माचा, म्हणजे नाकातल्या पातळ चिकट स्रावाचा थर असतो. वासाचा रेणू हवेतून थेट गंधपेशीवर पडत नाही. तो आधी या थरात विरघळतो, थर पार करतो, आणि मग गंधपेशीच्या केसासारख्या तंतूंवर असलेल्या ग्राहीपर्यंत, म्हणजे रेणू ओळखणाऱ्या प्रथिनापर्यंत, पोचतो. माणसात असे सुमारे चारशे प्रकारचे कामाचे ग्राही आहेत. त्यांच्या जनुकांचं कुटुंब लिंडा बक आणि रिचर्ड अ‍ॅक्सेल यांनी १९९१ मध्ये दाखवलं आणि २००४ चं नोबेल त्यांना मिळालं. ग्राहींबद्दल आज भरपूर लिहिलं जातं. आधीच्या ओल्या थराबद्दल फारच कमी, आणि रबाळ्याचं कोडं नेमकं तिथेच होतं.

कोणता रेणू थरात किती उतरेल हे त्याच्या विरघळण्यावर ठरतं. २५ अंश सेल्सियसला बंद भांड्यात हवा आणि पाणी शेजारी ठेवलं तर लिमोनिन दोन्हींत जवळपास सारखंच वाटलं जातं. लिनालूल पाण्यात हवेच्या सुमारे हजारपट जमतं, बेंझिल अ‍ॅसिटेट दोनेक हजारपट आणि फिनाइल इथाइल अल्कोहोल कित्येक दहा हजारपट. श्लेष्मा म्हणजे नुसतं पाणी नव्हे. त्यात मेद आहेत, गंध धरून ठेवणारी छोटी प्रथिनं आहेत, त्यामुळे लिमोनिनसारखे तेलकट रेणू पाण्याच्या हिशेबापेक्षा थोडे जास्त टिपले जातात. पण क्रम बदलत नाही. मोगऱ्याच्या बाजूचे रेणू ओल्या अस्तराला पटकन चिकटणारे, संत्र्याचा रेणू त्यावरून घसरत पुढे जाणारा.

लॅबमधल्या लोकांना हे समजावण्याचा सोपा मार्ग त्यांच्याच टेबलावर होता. जीसीचा कॉलम म्हणजे आतून अस्तर लावलेली बारीक नळी. जो रेणू अस्तरात जास्त मुरतो तो मागे राहतो. गंधसंशोधक मॅक्सवेल मोझेल यांनी बेडकांच्या नाकावर केलेल्या प्रयोगांतून नाकाबद्दल हीच कल्पना मांडली. पुढे किरणोत्सारी खूण लावलेलं ब्युटेनॉल नाकातून सोडलं तेव्हा ते बहुतांशी पुढच्याच भागात अडकलेलं सापडलं. ऑक्टेनसारखा पाण्यात न उतरणारा रेणू मात्र सगळीकडे बराचसा सारखा पसरला होता. एक फरक ध्यानात ठेवायला हवा: जीसीचा नेहमीचा कॉलम तेलकट अस्तराचा असतो आणि रेणूंना मुख्यतः उकळबिंदूने वेगळं करतो, नाकाचं अस्तर पाणीदार आहे. त्यामुळे जीसीच्या छापील कागदावरून नाकातला क्रम काढायला जाऊ नये.

आता यात हवेचा वेग घाला. हवा हळू चालली तर चिकटणाऱ्या रेणूंना पुढच्याच अस्तरात मुरायला भरपूर वेळ मिळतो आणि वरच्या फटीपर्यंत फार थोडे उरतात. हवा जोरात चालली तर ते अडकण्याआधी वर पोचतात. न चिकटणाऱ्या रेणूचं उलट: मंद हवेत त्याला वास ओळखणाऱ्या अस्तरात उतरायला वेळ मिळतो, वेगात तो तसाच निघून जातो. नोआम सोबेल आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात नेमकं हेच माणसांत दाखवलं. चिकटणारं कार्व्होन आणि न चिकटणारं ऑक्टेन यांचं एकच मिश्रण लोकांना एका वेळी एका नाकपुडीने दिलं, तर मोकळ्या नाकपुडीने त्यात कार्व्होन जास्त वाटलं आणि बुजलेल्या नाकपुडीने ऑक्टेन.

नाकपुड्या आळीपाळीने बुजतात हे तर १८९५ पासून नोंदलेलं आहे. रिचर्ड कायझर या जर्मन डॉक्टरांनी ते मांडलं. नाकाच्या आतल्या बाजूच्या भिंतींवरच्या उंचवट्यांच्या, म्हणजे टर्बिनेटच्या, रक्तवाहिन्या एका बाजूला फुगतात, काही तासांनी दुसऱ्या बाजूला. निरोगी माणसाला याचा पत्ताही नसतो, कारण एकूण श्वास तेवढाच राहतो.

एका नाकपुडीची चाचणी

खर्च जवळजवळ शून्य, पण क्रम पाळावा लागतो.

आधी कोणती बाजू मोकळी ते बघायचं. स्टीलची पट्टी किंवा छोटा आरसा फ्रीजमधून काढून वरच्या ओठावर आडवा धरायचा आणि तोंड मिटून एकदा सावकाश श्वास सोडायचा. दोन डाग उमटतात. मोठा डाग मोकळ्या बाजूचा. डाग काही सेकंदांत विरतो, म्हणून मार्करने लगेच कडा आखायची. जोराने फुंकर मारली तर दोन्ही डाग सारखे मोठे येतात. इथे बहुतेकांची चूक होते.

मग दुसरी नाकपुडी कागदी सर्जिकल टेपने झाकायची. अंगठ्याने दाबू नये. बोटाच्या दाबाने नाकाचा मधला पडदा सरकतो आणि तपासायची बाजूच अरुंद होते, शिवाय बोटाला लागलेला वास वेगळाच.

पट्ट्या तीन: पूर्ण कंपाउंड, फक्त फिनाइल इथाइल अल्कोहोल, फक्त संत्र्याचं तेल. कंपाउंड इथेनॉलमध्ये १० टक्के, सुटे घटक त्यांच्या कंपाउंडमधल्या प्रमाणात, म्हणजे २ आणि ०.६ टक्के. टोक अर्धा सेंटीमीटर बुडवायचं, सगळ्या पट्ट्या एकाच वेळी. दहा मिनिटं थांबायचं. संत्र्याची पट्टी तेवढ्यात बरीच उडते, म्हणून ती प्रत्येक फेरीला नवीन आणि तिच्यासाठी दोनच मिनिटं. प्रत्येक हुंगणं साधारण दीड सेकंद, मध्ये मिनिटभर नाकानेच साधा श्वास.

हे मिनिट गाळलं की चाचणी बिघडते. अस्तरात मुरलेला रेणू हुंगणं थांबल्यावर लगेच संपत नाही. काही भाग रक्तात जातो, काही उच्छ्वासाबरोबर पुन्हा हवेत येतो, काही अस्तरातल्या एन्झाइमांच्या हाती लागतो. बेंझिल अ‍ॅसिटेटचंच घ्या: नाकाच्या अस्तरातली एस्टरेझ नावाची एन्झाइमं त्याचे तुकडे करून बेंझिल अल्कोहोल आणि अ‍ॅसेटिक आम्ल बनवतात. असा रेणू तुटत राहिला की अस्तरात त्याची जागा रिकामी होते आणि हवेतून आणखी ओढला जातो. म्हणजे पुढचं अस्तर बेंझिल अ‍ॅसिटेटला जास्तच गिळतं. घाईने दुसरी पट्टी लावली तर नाक आधीच्या पट्टीच्या उरलेल्या मालावर मत देतं. मधल्या वेळात कॉफीच्या बिया हुंगण्याची पद्धत बऱ्याच दुकानांत दिसते. २०११ मध्ये छापून आलेल्या प्रयोगात ती साध्या हवेपेक्षा सरस ठरली नाही. साधी हवा पुरते.

पॅनेलमधल्या त्या मुलीचे डाग सकाळी एका बाजूला मोठे आले, दुपारी दुसऱ्या बाजूला, आणि शेरे डागांबरोबर सरकले. मोकळ्या बाजूने फूल, बुजलेल्या बाजूने साल. सुट्या पट्ट्यांनी चित्र आणखी स्पष्ट केलं: बुजलेल्या बाजूने फिनाइल इथाइल अल्कोहोल चांगलंच फिकं पडत होतं, संत्रं फारसं हलत नव्हतं. कंपाउंडमध्ये मात्र संत्रं वाढल्यासारखं वाटायचं. त्याचं कारण मिश्रणात आहे: दोन वास एकमेकांना दाबून ठेवतात, त्यातला एक अशक्त झाला की दुसरा मोकळा सुटतो.

काकांचं नाक

काका रबाळ्याला स्वतः आले. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून येताना दहा कंपन्यांचे दहा वास नाकात घेऊन कोणी बसलं तर चाचणी लगेच घेता येत नाही; कार्बन फिल्टरच्या खोलीत अर्धा तास नुसतं बसायचं.

आरशावर त्यांचा डावा डाग उजव्याच्या निम्माही नव्हता. दुपारीही तसाच. आठवड्याने पुन्हा बघितलं तरी डावाच लहान. हे आळीपाळीचं बुजणं नव्हे. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी बघितलं तेव्हा मधला पडदा डावीकडे कललेला निघाला, ज्याला आपल्याकडे 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात, आणि वर पावसाळ्याची अ‍ॅलर्जिक सर्दी. दमट हवा, भिंतीवरची बुरशी, सकाळी सातआठ शिंका, अशी त्यांची दरवर्षीची तक्रार.

आता त्यांची हुंगण्याची लकब बघा. उजव्या हातात पेन, डाव्या हातात पट्टी, त्यामुळे पट्टी नेहमी डाव्या नाकपुडीखाली. एरवी ती बाजू अरुंद असली तरी चालती असते. सर्दीत ती जवळपास मिटते, आणि स्राव दाटही होतो. थराची जाडी इथे फार महत्त्वाची. साध्या पाण्यासारखा वेग धरला तर ३० मायक्रोमीटरचा थर पार करायला रेणूला अर्धा सेकंद लागतो. थर दुप्पट झाला की वेळ चौपट, म्हणजे दोन सेकंद. तेवढ्यात हुंगणं संपलेलं असतं.

निर्णायक चाचणी एकच होती आणि ती आधीच करायला हवी होती असं आमचं स्पष्ट मत आहे. ज्या जुन्या लॉटला काका 'चांगला' म्हणत होते त्याचं कंट्रोल सॅम्पल कोड लावून डाव्या नाकपुडीने दिलं. "हाच तो परत केलेला," ते म्हणाले. नवा लॉट उजव्या नाकपुडीने दिला. "हा बरोबर आहे. मोगरा आहे याच्यात." कोड उघडल्यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग दोन्ही पट्ट्या घेऊन त्यांनी स्वतःच बाजू बदलून पुन्हा हुंगल्या. जाणकार माणूस असाच वागतो.

त्यांनी नव्या लॉटची तुलना समोरच्या जुन्या लॉटशी केलीच नव्हती. उन्हाळ्यात, नाक मोकळं असताना घेतलेल्या वासाच्या आठवणीशी केली होती. वास लक्षात राहतो, पण त्या दिवशी नाकातून किती हवा जात होती हे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

या निकालावरून किती टक्के मोगरा पुढच्या अस्तरात अडकला असा आकडा काढू नये. आरशाचा डाग हवेचा अंदाज देतो, मोजमाप नव्हे. दिशा मात्र सुट्या पट्ट्या, बाजूंची अदलाबदल आणि कोड लावलेला जुना लॉट या तिन्हींत एकच आली.

दोन्हीकडच्या कामात झालेले बदल

दोन्ही कारखान्यांनी आता एकच तक्ता ठेवलाय. त्यात सर्वांत उपयोगी रकाना 'मोकळी बाजू' हा. हुंगण्याआधी आरसा, डावी की उजवी ते लिहायचं. नवीन लॉट कधीही एकटा हुंगायचा नाही, शेजारी कंट्रोल सॅम्पल हवंच. पट्टी नाकपुड्यांच्या मधोमध, दोन सेंटीमीटर अंतरावर. दोन छोटे आणि एक जोरदार असे तीन श्वास, कारण वेग बदलला की कोणता घटक कुठे अडकतो तेही बदलतं आणि दोन्ही वेगांचं चित्र हाती येतं. शंका आली तर त्याच दिवशी निकाल न देता काही तासांनी पुन्हा.

जेवणानंतर तासभर चाचणी बंद. डब्यात ठेचा असेल तर नाक गळतं, आणि गळणाऱ्या नाकाचा थर सकाळचा राहत नाही. कुशीवर झोपून उठलेल्या माणसाची खालची बाजू बुजलेली असते; रात्रपाळी करून दुपारी डुलकी काढलेल्या कामगाराला लगेच पट्टी देऊ नये.

बाम किंवा मेन्थॉलची कांडी हुंगून 'नाक मोकळं झालं' म्हणणाऱ्याला त्या दिवशी पॅनेलवर घेऊ नये. मेन्थॉल थंडावा ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चेतवतं, म्हणून हवा जास्त जातेय असं वाटतं. प्रत्यक्षात अडथळा तेवढाच असतो. आरशाचा डाग आधी आणि नंतर घेतला की हे दोन मिनिटांत दिसतं.

नाक मोकळं करणाऱ्या औषधी स्प्रेचं मात्र वेगळं. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनने रक्तवाहिन्या खरोखर आकसतात आणि डाग मोठा होतो. एखाद्या महत्त्वाच्या निकालाआधी कोणी तो मारून आला तर त्या दिवसापुरतं त्याचं नाक त्याच्या नेहमीच्या नाकासारखं उरत नाही, म्हणून तक्त्यात तशी नोंद हवी. रोज वापरायचा विचार तर सोडूनच द्यावा: चार-पाच दिवसांच्या पुढे वापरला की औषध उतरताच अस्तर आधीपेक्षा जास्त फुगतं. काकांना डॉक्टरांनी कोमट मिठाच्या पाण्याने नाक धुणं आणि अ‍ॅलर्जीचा स्टेरॉइड स्प्रे सुचवला. स्टेरॉइड स्प्रेचा पूर्ण परिणाम दिसायला आठवडा-दोन आठवडे लागतात, तोवर लॉटचा निकाल त्यांनी उजव्या नाकपुडीने द्यायचा आणि तक्त्यात तसं लिहायचं असं ठरलं. धुण्याचं पाणी उकळून गार केलेलंच हवं, नळाचं थेट नको, आणि धुतल्यावर अर्धा तास तरी पट्टी हातात घ्यायची नाही, कारण तेवढा वेळ अस्तरावर श्लेष्म्याच्या जागी खारं पाणी असतं.